सही आतल्या खिडकीत, पाकीट बाहेरच्या

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं कारकून होतो. त्यातली बावीस वर्षं दर शनिवारी कामगारांच्या पगाराची पाकिटं भरली, आणि पुढे ती पाकिटं कायमची बंद करायचं कामही मीच केलं. आता निवृत्त झाल्यावर रस्त्यात कुणी जुना भेटला की म्हणतो, "सिद्रामण्णा, ते रोख पैशाचे दिवस लई चांगले होते की." मी त्याला तिथेच झाडतो. ज्याने पाकीट नुसतं घेतलं त्याला ते दिवस चांगले वाटणारच. भरणाऱ्याला विचारा म्हणावं.

पाकीट म्हणजे काय, हेही आता सांगावं लागतं. खाकी कागदाचं, तळहाताएवढं. वर कामगाराचं नाव, हजेरी, विणलेल्या मालाची मजुरी, घेतलेली उचल आणि शेवटी हातात येणारी रक्कम. पाकिटाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला असायचा. त्या कापातून आतल्या नोटांच्या कडा दिसायच्या. कामगाराने पाकीट न फोडता अंगठ्याने कडा मोजायच्या, बरोबर असल्या तर रजिस्टरवर सही करायची, सही न येणाऱ्याने अंगठा उठवायचा. एकदा पाकीट फोडलं की तक्रार ऐकायची नाही, असा नियम. बँकेतून नोटा आणायच्या त्याही हिशोबाने. शंभराच्या एवढ्या, पन्नासच्या एवढ्या, दहाच्या एवढ्या, वर सुट्टी नाणी. ही फोड चुकली तर शेवटच्या पाकिटाला दहाची नोट कमी पडते आणि साठ माणसं तुमच्याकडे चोरासारखं बघायला लागतात. माझी फोड बावीस वर्षांत दोनदा चुकली. दोन्ही शनिवारी मला जेवण गेलं नाही.

बँकेतून कारखान्यापर्यंत रोकड आणायची ती माझ्या मोपेडवरून. जीप नाही, पहारेकरी नाही. मालक म्हणायचे, गाजावाजा केला की चोराला कळतं. त्यामुळे नोटांची पुडकी कापडी पिशवीच्या तळाला, त्यावर आमच्या घरच्या कडक भाकरीची चवड, आणि सगळ्यात वर शेंगाचटणीची पुडी, अशी माझी तिजोरी असायची. एकदा नाक्यावर ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. लायसन बघितलं, कागद बघितले, मग पिशवीकडे बघून विचारलं, भाकरी आहे का म्हणून. सकाळपासून उन्हात उभा होता बिचारा. नाही कसं म्हणणार? दोन भाकऱ्या आणि चटणी दिली. त्याने जोडीदाराला हाक मारली. त्यालाही दोन दिल्या. आता नोटांवर एकच भाकरी उरली होती, आणि ते दोघं आमच्या घरच्या चटणीची तारीफ करत माझ्या पिशवीत डोकावत होते. मी सायबांना नमस्कार केला आणि मोपेड अशी पिटाळली की सांगायची सोय नाही. पुढच्या शनिवारपासून बायकोला दहा भाकऱ्या जास्तीच्या करायला सांगितल्या. का ते तिला सांगितलं नाही, कारण तिने मला पुन्हा पिशवी न्यायला दिली नसती.

तर असे ते चांगले दिवस. पण त्या दिवसांतली एक गोष्ट खरोखर चांगली होती, आणि आज मला तिच्याविषयीच लिहायचं आहे.

माझी केबिन फाटकाला लागून होती. तिला दोन खिडक्या. एक आत, यंत्रमागांच्या शेडकडे उघडणारी. दुसरी बाहेर, रस्त्याकडे. पगार आतल्या खिडकीतून वाटायचा. बाहेरच्या खिडकीला काही काम नव्हतं, वारा यायचा तेवढाच.

मला कामाला लागून वर्ष झालं असेल. एका शनिवारी बाहेरच्या खिडकीशी एक तरुण बाई येऊन उभी राहिली. ही सत्यव्वा, आमच्या व्यंकटीची बायको. व्यंकटी म्हणजे कारखान्यातला एक नंबरचा विणकर. तेलुगू घरातला, बापही मागावरच काम करून म्हातारा झालेला. तुटलेला धागा तो बोलता बोलता जोडायचा, त्याच्या टॉवेलात खोट म्हणून सापडायची नाही. पण शनिवारी पाकीट मिळालं की फाटकातून घराकडे उजवीकडे न वळता डावीकडे वळायचा. डावीकडे दारूचं दुकान होतं. सोमवारी त्याचा माग बंद. सत्यव्वा घरी बिड्या वळायची आणि त्यावर घर चालायचं.

ती म्हणाली, पाकीट माझ्या हातात द्या. मी म्हणालो, बाई, पगार त्याचा, सही त्याची, मला तसं करता येत नाही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, सही त्याचीच घ्या की, आतल्या खिडकीत. पाकीट हिकडनं द्या.

मला ते ऐकून हसू आलं. तरी मी व्यंकटीला बोलावलं. वाटलं होतं, हा आता फाटकाबाहेर जाऊन बायकोला दोन लावणार. तो शुद्धीत होता. खाली बघत म्हणाला, द्या तिला. मला तेव्हा कळलं की डावीकडे वळायची भीती तिच्यापेक्षा त्यालाच जास्त होती. त्याने आत सही केली, मी बाहेर पाकीट दिलं. सत्यव्वाने कडा मोजल्या, पाकीट फोडलं, त्यातली एक नोट फाटकातून बाहेर आलेल्या नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि दोघं उजवीकडे गेले.

मालकांना कळलं तेव्हा ते माझ्यावर असे भडकले की मी राजीनामा लिहायला घेतला होता. पण दोन महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की सोमवारी व्यंकटीचा माग चालू असतो. मग त्यांनी ते चालू दिलं. पुढे इतर बायका यायला लागल्या. मी नियम केला: नवऱ्याने एकदा, सकाळच्या वेळी, शुद्धीत, माझ्यासमोर येऊन हो म्हणायचं. म्हटलं की पुढे दर शनिवारी सही आत आणि पाकीट बाहेर. अशा अकरा बायका झाल्या. नवरे एकमेकांना चिडवायचे, तुझं पार्सल गेलं का रे, म्हणून. पण चिडवणाऱ्याचंही गेलेलं असायचं, त्यामुळे कुणाला ते लागत नसे. एकाची आई आणि बायको दोघी खिडकीवर यायच्या आणि पाकिटाची दोन टोकं धरायच्या. शेवटी त्याच्यासाठी मी दोन पाकिटं करायला लागलो, आईचं लहान, बायकोचं मोठं. तरी आईने एकदा मला विचारलंच, तुमच्या घरी पण असंच वाटता काय म्हणून. हे सगळं कायद्यात कुठे बसत होतं, देव जाणे. कुणी साहेब तपासायला आला असता तर मी काय तोंड दाखवणार होतो? पण माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम कुठलं विचाराल तर मी हेच सांगेन.

सत्यव्वाला त्याचा फायदा आणखी एका तऱ्हेने झाला. इतकी वर्षं बिड्या वळून तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. अंगठा आणि दोन बोटं बधिर व्हायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाई, हे काम सोड, नाहीतर हात कायमचा जाईल. घरात दर शनिवारी पाकीट येत होतं म्हणून तिला ते ऐकणं परवडलं. दिवसाला हजार बिड्या वळायची, त्या चारशेवर आणल्या. मला खिडकीवर म्हणाली होती, दिवाळीपासून बंदच करणार.

मग नोटा बंद झाल्या. त्या शनिवारी बँकेने मला रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि मी साठ पाकिटं नावं घालून रिकामी ठेवून बसलो. पुढचे काही आठवडे कसेबसे ढकलले. शेवटी मालक म्हणाले, अण्णा, सगळ्यांची खाती उघडा, हा रोखीचा घोळ आता पुरे.

मला सांगा, पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं काम मिळालं तर तो काय करेल? कुरकुरेल. मी नाही कुरकुरलो. मला फार आवडलं ते काम. साठ जणांचे फोटो, आधारकार्डं, साठ फॉर्म, सगळे माझ्या अक्षरात. ज्यांना सही येत नव्हती त्यांना चहाच्या सुट्टीत शिकवली. शेडमध्ये टॉवेलच्या गठ्ठ्यावर उभं राहून मी भाषण केलं. खातं म्हणजे काय, कार्ड म्हणजे काय, पिन कुणाला सांगायचा नाही, आणि खात्यात पगार दिसला की बँक कर्ज कशी देते, ते सगळं. ते खोटं नव्हतं. आमच्यातल्या एकाच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी त्या खात्यामुळेच पैसे उभे राहिले. पूर्वी तो मालकाच्या दारात चार दिवस बसला असता.

पहिल्या शनिवारी मी कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि चहा संपायच्या आत साठ पगार झाले. नोटांची फोड नाही, भाकऱ्यांची चवड नाही, फाटकी नोट बदलून द्या म्हणून भांडण नाही. पाचला घरी पोचलो तर महानंदा, म्हणजे आमची मंडळी, कपाळाला हात लावून बघायला लागली, ताप आलाय की काय म्हणून.

कॉम्प्युटरसाठी नवं टेबल आलं होतं. ते दुसरीकडे कुठे बसेना, म्हणून बाहेरच्या खिडकीला प्लायवूड ठोकून तिथे लावलं. त्या पहिल्या शनिवारी पगार टाकून मी उठतोय तर प्लायवूडवर टकटक झाली. बाहेर जाऊन बघतो तर अकरा बायका उभ्या. साठ पुरुषांना मी गठ्ठ्यावर उभं राहून सांगितलं होतं, आणि या अकराजणींना कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी त्यांनाही समजावलं. मोठ्या हौसेने समजावलं. आता पगार खात्यात येतो, तुम्हाला इथवर उन्हात यायची गरज नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं अण्णा" म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, बायकांचाही त्रास वाचला.

आठेक महिन्यांनी सत्यव्वा फाटकावर आली. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मी विचारलं, बिड्या बंद केल्या होत्यास ना? ती म्हणाली, परत हजार वळते. मी म्हणालो, का गं, व्यंकटीची दारू वाढली काय? तर म्हणाली, दारू त्यानं सोडली. मला इतका आनंद झाला म्हणता! मी म्हणणार होतो, बघ, तुझ्या नवऱ्याला खात्याने सुधारलं.

"दारूला वास तरी होता, अण्णा," ती म्हणाली. "ह्याला वासच न्हाय."

मग तिने सांगितलं ते असं. व्यंकटी पाळी संपली की सरळ घरी येतो. हातपाय धुतो, कोपऱ्यात बसतो आणि फोनवर पत्ते खेळतो. पैसे लावून. शनिवारी संध्याकाळी पगार फोनवर येतो आणि रविवारी दुपारपर्यंत जातो. आरडाओरडा नाही, पडझड नाही. शेजारचे म्हणतात, तुझा नवरा सुधारला. ती कुणाला काय सांगणार? पूर्वी तो झिंगत आला की गल्लीला कळायचं, चार माणसं त्याला बोलायची. आता घरातल्या घरात पगार नाहीसा होत होता आणि तिने रेशनला पैसे मागितले की तो फोनचा पडदा तिच्यासमोर धरायचा. त्यावर शून्य असायचं. म्हणून ती परत हजार बिड्यांवर आली होती. अंगठा आता सकाळी उठल्यावर तासभर हालत नव्हता.

मी रागावलो. म्हणालो, आठ महिने झाले, आधी का नाही आलीस? ती म्हणाली, दोनदा आले होते, खिडकी बंद होती.

मी व्यंकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि त्याची अशी हजेरी घेतली की बाहेर मागांच्या खडखडाटातही ती ऐकू गेली असेल. बायकोचा हात चाललाय आणि तू पत्ते कुटतोस, लाज कशी वाटत नाही, वगैरे वगैरे. शेवटी मी म्हणालो, तुझ्या खात्याला तुझा नंबर आहे तो काढ आणि सत्यव्वाचा लाव.

इथे बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. खातं कुणाच्याही नावावर असो, त्याला जो मोबाईल नंबर जोडलेला असतो त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या असतात. पैसे आल्याचा मेसेज त्या नंबरवर. फोनवरून पैसे पाठवायचे ते त्याच नंबरच्या फोनवरून. कार्डाने ऑनलाइन भरायला गेलात तरी ओटीपी त्याच नंबरवर. म्हणजे नाव व्यंकटीचं राहिलं आणि नंबर सत्यव्वाचा झाला, तर कोपऱ्यात बसून त्याला एक रुपया हलवता आला नसता. तिच्याकडे फोन होता. बिडीची मजुरीही खात्यात यायला लागल्यापासून तिने जुना टचफोन घेतला होता आणि नवऱ्यापेक्षा ती तो नीट वापरत होती. तिच्या स्वतःच्या पैशावर तिचा ताबा होता. तो गेला होता फक्त व्यंकटीच्या पगारावरचा.

व्यंकटी पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. म्हणाला, पाकिटाच्या वेळी अकराजणांचं जात होतं, मी कधी हूं का चूं केलं नाही. आता माझं एकट्याचंच का? आणि मग म्हणाला, "तुमच्या खात्याला कुणाचा नंबर हाय, अण्णा?"

मी त्याला बाहेर जायला सांगितलं.

तो गेल्यावर मी कपाट उघडून साठ फॉर्मांच्या झेरॉक्स काढल्या. मोबाईल क्रमांक, असा एक रकाना. त्यात माझ्या अक्षरात साठ पुरुषांचे नंबर. कुणी मला सांगितलं नव्हतं की पुरुषाचाच घाला. एकवीस वर्षं मी दोन खिडक्यांनी पगार वाटला आणि फॉर्म भरताना एकदाही विचारलं नाही की, बाबा, नंबर कुणाचा घालू? अकराजण तेव्हा हो म्हणाले असते. त्यांना त्याची सवयच होती. त्या एका रकान्यात मी अकरा बायकांची पाकिटं काढून नवऱ्यांच्या खिशात घातली होती, आणि वर गठ्ठ्यावर उभं राहून भाषण केलं होतं. मला स्वतःची इतकी चीड दुसऱ्या कशाने आली नाही.

बँकेतल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, खातेदार स्वतः येऊन लिहून देत असेल तर आमची काही हरकत नाही. म्हणजे अडचण बँकेची नव्हतीच. अडचण व्यंकटीच्या प्रश्नाची होती. माझ्या खात्याला माझाच नंबर होता. आणि खरं सांगतो, तो बदलायचा विचार मलाही नकोसा वाटला. स्टँडजवळची भजी होती, जी डॉक्टरने बंद केली होती. अकलूजला धाकट्या भावाला अधूनमधून पाठवलेले पैसे होते, जे महानंदाला माहीत नव्हते. मी काही जुगार खेळत नव्हतो. तरी दोन दिवस मी स्वतःला कारणं सांगत होतो, की माझी गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या दिवशी जेवताना महानंदाला भजी आणि भाऊ, दोन्ही सांगून टाकलं. ती म्हणाली, भावाचं मला ठाऊक होतं, भज्यांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी व्यंकटीच्या मागाशी गेलो आणि म्हणालो, सोमवारी दुपारी बँकेत चल. आधी मी नंबर बदलतो, मग तू. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. माझ्याकडे बघितल्यावर त्याची खात्री पटली. म्हणाला, तुमी केलं तर मी करतो.

सोमवारी आम्ही चौघं बँकेच्या बाकावर बसलो. महानंदाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, जणू काही लग्नाला आली होती. माझा फॉर्म आधी गेला. पाच मिनिटांत तिच्या फोनवर मेसेज वाजला. तिने तो वाचला आणि माझ्याकडे बघून अशी हसली की माझी भजी त्या क्षणी संपली. त्या दिवसापासून मी कुठे चहा प्यालो हे मी घरी सांगायच्या आधी घरी कळलेलं असतं. मला त्याची आता सवय झाली आहे.

मग व्यंकटीची पाळी. मी फॉर्म भरलेला होता, नंबरचा रकाना आणि सही तेवढी बाकी. त्याने पेन हातात घेतलं. म्हणाला, पेन चालत नाही. मी माझं दिलं. म्हणाला, आज वार बरा नाही, उद्या करू. मी म्हणालो, आजच. मग त्याचा चेहरा एकदम पडला. इतक्या वर्षांत मी त्याला दारू प्यालेला बघितला होता, मार खाल्लेला बघितला होता, पण असा कधी बघितला नव्हता. तो हळूच म्हणाला, "एकच शनवार द्या, अण्णा. गेलेलं सगळं काढतो. मग तिलाच देतो की."

वरच्या पंख्याने फॉर्म फडफडायला लागला होता. सत्यव्वा उठली, हाताचं फडकं सोडलं आणि कागद हलू नये म्हणून उजवा हात त्यावर ठेवला. बोटं अर्धवट वाकलेली, अंगठा आत वळलेला, तंबाखूने काळी पडलेली नखं. व्यंकटी त्या हाताकडे बघत राहिला. इतके महिने एका खोलीत राहून त्याने तो नीट बघितला नव्हता, कारण तो फोनकडे बघत होता. त्याने विचारलं, दुखतं काय?

"कळतच न्हाय," ती म्हणाली.

त्याने तिच्या हाताच्या शेजारी सही केली. रजिस्टरवर तो करायचा तीच सही, वेड्यावाकड्या अक्षरांची. करून झाल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. महानंदा उठून त्याच्यासाठी पाणी आणायला गेली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बायकोचा नंबर काय? व्यंकटीला येईना. इतक्या वर्षांचा संसार, आणि त्याला तो येईना. सत्यव्वाने घडाघडा सांगितला, पण तेलुगूत. तोम्मिदि, एनिमिदि, असं ती बोलायला लागल्यावर ती मुलगी गडबडली. त्यांच्याच गल्लीत वाढलेला शिपाई मागून मराठीत सांगत गेला आणि नंबर लागला. सत्यव्वाच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिने काढून बघितला. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, पण आकडे ती कुणाच्याही आधी वाचते. वाचून झाल्यावर फोन परत खोचला, हाताला फडकं गुंडाळलं.

मला धन्य धन्य वाटत होतं, हे लपवत नाही. चूक माझी होती आणि ती मी निस्तरली होती. स्वतःचा नंबर देऊन निस्तरली होती. आता चौघांनी बाहेर जाऊन चहा प्यावा, आणि पैसे दोघींनी द्यावेत, असं काहीतरी गमतीचं बोलायला मी तोंड उघडलं होतं.

सत्यव्वा म्हणाली, "बाकीच्या दहाजणींचे कुटं हायत, अण्णा?"

"कशाचे?"

"फॉर्म."

मी दोनच आणले होते, आणि त्यातला एक माझा होता. उठलो, काउंटरवर गेलो आणि आणखी दहा मागितले.